चढावरची टकटक

"आवाज कधी येतो, साहेब?" मेकॅनिकने माझ्या नवऱ्याला विचारलं. साहेबांना साधं गाडीचं दार नीट लावता येत नाही. ही म्हातारी गाडी घेतल्यापासून मीच चालवतेय. "चढावर येतो," मी म्हणाले. "इंजिन तापलं की टकटक सुरू." तो नवऱ्याकडेच बघत राहिला. मग मला मागे बसवून त्याने सपाट रस्त्यावर एक चक्कर मारली. "काही नाही हो, साहेब. वहिनींना भास होतोय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. किल्ली हिसकावून मी स्टिअरिंगवर बसले, मेकॅनिकला शेजारी घेतलं, नवऱ्याला मागे ढकललं आणि गाडी टेकडीच्या चढावर घातली. अर्ध्यावर इंजिन हातोडीने ठोकल्यासारखं वाजू लागलं. "ऐकलंत?" मी ओरडले. "ऐकलं की!" मेकॅनिक खूश झाला. मागे वळून त्याने घोरणाऱ्या नवऱ्याला हलवलं. "साहेब, तुमचं बरोबर होतं. आवाज चढावरच येतो."