पक्क्या वायरीचा इअरफोन

"सस्ता पाहिजे की टिकाऊ?" महादेवरावांनी काउंटरवर दोन इअरफोन ठेवले.

"दोन्ही," प्रेमिला म्हणाली.

महादेवराव हसले. सीताबर्डीवरच्या त्यांच्या रेडिओच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच मागायचं. पण या बाईचा हा दीड वर्षातला तिसरा इअरफोन होता. पहिल्याची वायर पिनेजवळ तुटली, दुसऱ्याची कानाजवळ.

"ताई, तुमी कानात घालून घरभर फिरता. मंग बिचारी वायर काय करीन? एका जागी बसून आयकत जा."

"बसाले फुरसत कोणाले आहे?"

"मंग कानात काहून घालता? मोठ्यानं लावा अन् कामं करा."

 तिनं एक वायर दोन्ही हातांनी ताणून पाहिली, दुसरी पाहिली.

"बाहेर आवाज तर येत नाही ना?"

"बाजूले बसलेल्या माणसाले पत्ता लागणार नाही. हे जाडवालं घ्या. किती ओढाचं तं ओढा. पिन निघून येईन, पण वायर तुटणार नाही."

जाडवाला दोन रुपयांनी महाग होता. घासाघीस करून तिनं एक रुपया कमी करवला आणि कॉलनीची बस पकडली.

कॉलनी वीजघराच्या कामगारांची, शहरापासून तासाभरावर. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढाच क्वार्टर. नवरा रुपराव टर्बाइनवर होते आणि बहुतेक रात्रपाळीच करत. सकाळी येऊन झोपायचे ते थेट संध्याकाळी उठायचे. मूलबाळ नव्हतं. म्हणजे बाराही महिने प्रेमिला दिवसभर एका झोपलेल्या माणसाच्या सोबतीला जागी.

दीड वर्षापूर्वी एका सकाळी रुपराव ड्यूटीवरून आले, डोकं दोन्ही हातांत धरून खाटेवर बसले आणि ओरडले, "बंद कर तो रेडिओ!" लग्नाच्या बारा वर्षांत ते पहिल्यांदा तिच्यावर ओरडले होते. त्याच आठवड्यात तिनं पहिला इअरफोन आणला. तेव्हापासून त्या घरात भांडं म्हणून वाजलं नाही. चमचा ताटात ठेवतानासुद्धा ती मध्ये बोट धरायची.

तरी राग काही उतरला नाही. रुपराव बोलेनासे झाले. बोलले तर भिंती हादरतील असं. ती काही सांगायला लागली की पाठ फिरवून निघून जायचे. रविवारी पत्ते खेळायला जायचे, तेही सोडलं. शेजारची तारा म्हणाली, "मशिनीवरचे माणसं असेच खेकसतात वं. मनावर नको घेऊ." मनावर घ्यायचं नाही तर कुठे ठेवायचं, हे मात्र तारानं सांगितलं नाही.

आपलं काय चुकलं, हे प्रेमिलानं किती वेळा शोधून पाहिलं. तिला नवऱ्याचा राग येत नव्हता. नुसतं एकटं वाटायचं, फार एकटं. दुपारी रेडिओवरची बाई "नमस्कार" म्हणायची, तेव्हा ही ओठातल्या ओठात "नमस्कार" म्हणायची. कधी कधी दिवसभरात तिच्याशी तेवढंच कोणी बोललेलं असायचं.

काटोलहून भावाचं पत्र आलं होतं. एकटी कुढत बसू नको, इकडे ये, घर तुझंच आहे.

नवा इअरफोन आणला त्या संध्याकाळी रुपराव ड्यूटीवर निघाले होते. दाराकडे तोंड करून बुटाची नाडी बांधत होते. चुलीपाशी बसलेल्या प्रेमिलानं सगळं बळ एकवटून विचारलं, "मी काटोलले जाऊ काय, भावाकडे? कायमची?"

त्यांनी नाडी बांधली. दुसऱ्या बुटाचीही बांधली.

"तुमी 'नको जाऊ' म्हणा, मी नाही जात," ती म्हणाली.

रुपराव उठले, डबा घेतला. "येतो मी!" असं नेहमीसारखं मोठ्यानं म्हणाले आणि गेले. बाईमाणसानं याहून किती विचारायचं? प्रेमिलाला उत्तर मिळालं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी चारची बस होती. रुपराव भिंतीकडे तोंड करून झोपले होते. तिनं फळीवरच्या ट्रान्झिस्टरमध्ये नव्या इअरफोनची पिन खोचली, दुसऱ्या टोकाचं बोंड कानात घातलं आणि आवाज चांगला वाढवला. रडू आलं तर आपलं आपल्याला ऐकू येऊ नये म्हणून. मग खाटेखालची ट्रंक फरशीवर घासू न देता बोट बोट सरकवत बाहेर काढली.

दोन लुगडी ठेवली. भावाचं पत्र ठेवलं. ट्रंक जवळ ओढली, तेव्हा वायर तिच्या कडीत अडकली आहे हे तिला दिसलं नाही. महादेवराव खोटं बोलले नव्हते. वायर तुटली नाही. पिन सटकन निघून लुगड्यांत पडली.

फळीवरून सनई-चौघडा खोलीभर कडाडला. भिंतीपलीकडे ताराचं तान्हं दचकून रडायला लागलं.

 उठून बटण फिरवावं एवढंही प्रेमिलाला सुचेना. तिनं खाटेकडे पाहिलं. रुपराव कधी कुशीवर वळले होते कोण जाणे, डोळे उघडे ठेवून तिच्याकडेच पाहत होते. ती ओरडण्याची वाट पाहत राहिली. या खेपेला ओरडले तर निदान जाणं सोपं होईल, असंही तिला वाटून गेलं.

ते ओरडले नाहीत. त्यांनी ट्रंक पाहिली, लुगडी पाहिली, तिच्या कानातून निघून लुगड्यांत शिरलेली वायर पाहिली. चेहरा कावराबावरा झाला. काहीतरी बोलायला हवं, चांगलं काहीतरी, म्हणून ते शब्द शोधत राहिले. सनई वाजतच होती.

"हे इअरफोन पक्कं आणलं वं तू," शेवटी ते म्हणाले. "बाहेर जराबी आवाज येत नाही."