इरावतीच्या नोट्स

चौथा प्रश्न वाचताच मैथिलीला रडू फुटलं. प्रश्न मूत्रपिंडाच्या विकारावर होता. त्या तासाला ती नव्हती, कुणीच नव्हतं. वर्गात एकटी इरावती बसायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी बाकीचे सगळे तिच्या आठवणी कानामागच्या चकतीतून आपल्या डोक्यात उतरवून घ्यायचे.

मैथिलीने डोळे मिटून तो तास पुन्हा पहिल्यापासून आठवला. सर फळ्यावर आकृती काढतात, लक्षणं सांगतात, म्हणतात, "आता उपचार लिहून घ्या." तेवढ्यात मांडीवरचा फोन थरथरतो. कानात काकांचा आवाज येतो, "इरा, बाबा गेले गं."

मैथिलीचे बाबा बाहेर फाटकापाशी तिचा डबा घेऊन उभे होते. खिडकीतून ते तिला धडधडीत दिसत होते, तरी हुंदका आवरेना. तिने मान वळवली. अख्खा वर्ग पेन खाली ठेवून रडत होता.

"इरा," पुढच्या बाकाकडे वाकून ती कळवळून कुजबुजली, "उपचार काय? पुढचं सांग ना!"

इरावतीचंही उत्तर लक्षणांपाशीच थांबलं होतं.

"पुढचं मला कुठून ठाऊक असणार?" ती म्हणाली. "मी तेव्हाच उठून घरी गेले गं."