मुळ्याच्या उंदराचं तोंड

मुळ्याच्या उंदराला शेपटी होती, मिशा होत्या, गळ्यात रुमालही होता. तोंड मात्र नव्हतं. शेजारच्या वांग्याच्या पेंग्विनलाही नव्हतं. कलिंगडाचं कासव, गाजराचा जिराफ, भोपळ्याचं अस्वल, सगळी मंडळी एका लांब टेबलाभोवती ताटं पुढ्यात घेऊन बसलेली आणि तोंड एकालाही नाही.

लेक बालवाडीत शिकवायची. पोरांच्या जेवणाच्या खोलीत लावायला हे चित्र तिनंच बापाकडून मागितलं होतं.

"बाबा, उद्या सकाळी भिंतीवर लावायला माणूस येतोय," ती म्हणाली. "आणि तुमची ही पंगत अजून उपाशीच."

बोलून गेली आणि मग ओठ मिटून चपला शोधत बसली. बापानं मात्र मान डोलावली. होईल, असं पाटीवर लिहिलं. ती गेली.

तीस वर्षं तो हॉटेलात आचारी होता. मोठ्या जेवणावळीत टेबलाच्या मधोमध ठेवायला मुळ्याचा उंदीर नि वांग्याचा पेंग्विन तो सुरीनं बघता बघता कोरायचा. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्याची जीभ काढली. आता बोलणं पाटीवर आणि जेवण पोटातल्या नळीतून, पातळ, घड्याळ लावून. लेकीनं अॅक्रिलिक रंगांच्या नळ्या आणून दिल्या, तेव्हा सुरीच्या जागी ब्रश आला. हा रंग लगेच वाळतो. घाईत काम करायची सवय असलेल्या माणसाला ते बरं पडलं. रंग कालवायला त्यानं स्वतःचं जेवणाचं ताट घेतलं. पहिल्या दिवशी बायकोनं ते बघितलं आणि जुनी बशी काढून पुढ्यात ठेवली. त्यानं बशी बाजूला सारली.

त्या दुपारी बायकोनं त्याला नळीतून जेवण दिलं, नळी धुतली, पुसली. मग धुणं वाळत घालायचं निमित्त करून मागच्या बाल्कनीत गेली. टॉवेलाखाली झाकून नेलेली थाळी काढली. उकडलेला बटाटा आणि थोडे वाटाणे. भिंतीकडे तोंड करून ती उभ्या उभ्याच खाऊ लागली. घरात वास राहू नये म्हणून ती हल्ली फोडणीही देत नव्हती, मीठही घालायचं राहून जायचं.

पाठीमागे चाहूल लागली. आचारी दारात उभा होता, हातात पाटी.

पाटीवर होतं, "आत ये. टेबलाशी बस."

"मी जेवलेय मघाशीच," ती म्हणाली. गालात घास तसाच होता.

त्यानं बाहीनं पाटी पुसली, पुन्हा लिहिलं. "चार महिने कोणी खाताना दिसलं नाही. तोंडं कशी काढू?"

तिनं थाळी मागे लपवली. लपवण्यात आता काही अर्थ नव्हता, तरी लपवली. ती म्हणाली की एवढं अंगात भिनलंय तुमच्या, तीस वर्षं माणसांना खाताना बघितलंत, आठवून काढा. त्यानं मान हलवली. नाही. मग ती म्हणाली,

"अहो, आरशात बघून काढा की."

आणि स्वतःचंच बोलणं ऐकून घाईघाईनं टॉवेल दोरीवर टाकू लागली.

तो रागावला नाही. आत गेला. जेवणाच्या टेबलावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग होता. तो उचलून त्यानं पलंगावर ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

"तुमच्यासमोर नाही हो उतरत माझ्या घशाखाली," ती म्हणाली. पण आली. बसली.

तो समोर बसला. चित्र टेकवून ठेवलं, ब्रश भिजवला. तिनं बटाट्याचा तुकडा मोडून तोंडात घातला आणि मान खाली घातली. त्यानं ब्रशच्या दांड्यानं टेबलावर टकटक केलं. वर बघ. तिनं वर बघितलं. घास या गालातून त्या गालात फिरत राहिला. उकळी यायच्या बेतात असलेल्या पातेल्याकडे तो पूर्वी जसा बघायचा, तसा तिच्याकडे बघत होता. न हलता.

अस्वलाचा गाल फुगला. कासवाच्या ओठाला वाटाणा चिकटला. जिराफानं जबडा एका बाजूला वाकडा केला, आणि तिला कळलं, आपण असं खातो. दुसरा घास जरा सोपा गेला. पेंग्विनची चोच उघडली. फक्त उंदीर राहिला.

तिसऱ्या घासाला त्याचा हात थांबला. तो तिच्या ओठांच्या कोपऱ्याकडे बघत होता. मग ब्रश पाण्यात टाकून उठला आणि स्वयंपाकघरात गेला.

तिनं थाळी दूर सारली. नाही सोसलं त्यांना, तिच्या मनात आलं. मला कळायला हवं होतं. आतून डब्यांची झाकणं वाजत होती. चार महिन्यांत त्यानं त्या डब्यांना हात लावला नव्हता.

तो परत आला. थाळी पुन्हा तिच्यापुढे ओढली, हात चांगला वर धरला आणि दोन बोटांतून बटाट्यावर मीठ भुरभुरलं.

तिनं घास घेतला. उरलेली चिमूट तशीच बोटांत धरून तो तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.