अंगठीचं माप

सोनाराच्या बायकोची तपासणी एरवी पाच मिनिटांत उरकायची. आज डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हापुन्हा मोजला आणि तिला तिथूनच प्रसूतीच्या खोलीत हलवलं. "दिवस भरायची वाट बघता येणार नाही. कळा यायचं औषध आत्ताच सुरू करू." सोनारानं संमतीच्या कागदावर सही केली. नर्सनं तिच्या बोटाला साबण लावला, तरी अंगठी जागची हलेना. "कापावी लागेल." "मी कापतो, माझं रोजचंच काम आहे," तो म्हणाला, पण कटर हातात ठरेना, शेवटी नर्सनंच कापली. "सूज कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं. अंगठी घट्ट होतेय म्हणून महिन्याभरात ती दोनदा कुरकुरली होती, आणि दोन्ही वेळा 'बाळाआधी तूच बाळसं धरलंस' असं चिडवत त्यानं ती हौसेनं वाढवून दिली होती. तो काही बोलणार, इतक्यात बायकोच म्हणाली, "कालपासून."