समईची जागा

यंत्र सांगत होतं एकवीस, आणि उल्काताईंच्या तोंडातून वाफ निघत होती.

"अहो, एकवीस म्हणजे हे असं असतं?" गळ्याभोवती शाल आवळत त्या म्हणाल्या. "मग शून्याला माणसं काय करतात?"

गुरुदत्त ट्रेलरच्या भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बघत राहिले. नवा डिजिटल थर्मोस्टॅट, ऊब मोजून हीटर चालू-बंद करणारा. कोपऱ्याला कुंकवाचा ठिपका, घरात आलेल्या नव्या वस्तूला लावतात तसा. जुना होता तो तऱ्हेवाईक. हीटर पेटला की ट्रेलरचा तवा, विझला की बर्फ. म्हणून गुरुदत्तांनी स्वतः हा नवा बसवला. दिवसभर तो अगदी शहाण्यासारखा वागे. दिवेलागण झाली की मात्र ट्रेलर गारठायचा आणि आकडा आपला एकवीसच.

निवृत्त झाल्यापासून दोघं हा ट्रेलर गाडीमागे जोडून हिंडत होते. जिथं चार मराठी घरं, तिथं उल्काताईंचं कीर्तन. कधी कुणाच्या बेसमेंटमध्ये, कधी कम्युनिटी हॉलमध्ये. तबल्याला गुरुदत्त. मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात थरथरू लागला, आणि तबला मोबाइलमधून वाजू लागला. आता थंडीनं उल्काताईंचा गळाही धरला होता. लेकीनं, अनन्यानं, दूर कनाटा गावाहून फोनवर बजावलं होतं, "आई, शनिवारी कॅल्गरीच्या कीर्तनात आवाज बसला तर दॅट्स इट. ट्रेलर विकायचा आणि सरळ आमच्या बेसमेंटमध्ये यायचं. नो आर्ग्युमेंट्स."

शनिवार परवावर आला होता.

उल्काताईंनी मोबाइलवर ठेका लावला, टाळ घेतले, अभंग उचलला. वरच्या सुराला आवाज चिरकला. त्यांनी टाळ खाली ठेवले.

गुरुदत्तांना राहवेना. त्यांनी खिडक्यांच्या फटी चाचपल्या, गॅसची टाकी हलवून बघितली, हीटरच्या जाळीला कान लावला. सगळं ठाकठीक.

"पण संध्याकाळीच का?" ते पुटपुटले.

"अंधाराला भीत असेल," उल्काताई म्हणाल्या. "लहान आहे अजून."

शेवटी गुरुदत्तांनी डबीवरच तळहात ठेवला. उबदार! हात वीतभर बाजूला नेला. गार. पुन्हा डबीवर. पुन्हा उबदार. मग त्यांची नजर हळूहळू खाली उतरली.

खाली ओट्यावर समई तेवत होती. कीर्तनाच्या पेटीतली लहानशी पितळी समई. हल्ली ती रोज दिवेलागणीला लागायची. शेजारच्या फळीवर विठोबा होता. गळा सुटावा म्हणून हिनं देवाला साकडं घातलं असणार, असं गुरुदत्तांनी धरूनच ठेवलं होतं. त्या पाच वातींची ऊब सरळ वर डबीत शिरत होती. बिचारं यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याच्यापाशी खरंच एकवीस होतं, म्हणून ते हीटरला झोपवून ठेवत होतं.

गुरुदत्तांना हसू फुटलं, आणि लगेच पंचाईत कळली. देवापुढचा दिवा हलव, असं कीर्तनकार बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा यंत्रच हललेलं बरं.

दुसऱ्या दिवशी उल्काताई कपडे धुवायला कॅम्पग्राउंडच्या लाँड्रीत गेल्या, आणि गुरुदत्त कामाला लागले. स्क्रू हातातून निसटून सोफ्याखाली जायचे. ते गुडघे टेकून शोधायचे आणि पुन्हा धरायचे. वायर कडेकडेनं नेऊन त्यांनी डबी समोरच्या भिंतीवर बसवली, तेव्हा अंगातला शर्ट घामानं भिजला होता.

उल्काताई आल्या. त्यांनी रिकामी भिंत बघितली, समोरची भिंत बघितली, नवऱ्याचा शर्ट बघितला.

दिवेलागण झाली. गुरुदत्त आज गंमत बघायला सरसावून बसले होते. उल्काताईंनी विठोबापुढं निरांजन लावलं, हात जोडले. मग समई उचलली आणि समोरच्या भिंतीशी नेऊन बरोब्बर त्या डबीखाली ठेवली. एकेक वात पेटवली.

"अगं, अगं! देवाचा दिवा तिकडे कुठे?"

"देवाला निरांजन आहे की." त्यांनी शेवटची वात सारखी केली. "ही समई तुम्ही ते यंत्र बसवलंत त्या दिवसापासून लावतेय. झटक्यानंतर पहिल्यांदा हातात स्क्रूड्रायव्हर धरलात. म्हटलं, त्या हातासाठी दिवा लागू दे रोज."

गुरुदत्तांनी उजवा हात पुढे केला.

"हातासाठी ना? मग हातावरच दे."

"अहो, तेल सांडेल."

"सांडू दे."

त्यांनी समई तळहातावर घेतली आणि ते दारापाशी, भिंतीपासून दूर जाऊन बसले. थोड्या वेळानं हीटर गुरगुरला. जाळीतून उबदार वारा आला. उल्काताईंनी डबीकडे बघितलं, मग समईकडे, मग नवऱ्याकडे.

"अगंबाई! म्हणजे इतके दिवस मीच...?"

"बुवा, सूर लावा," गुरुदत्त म्हणाले.

त्यांच्या हाताबरोबर पाचही ज्योती थरथरत होत्या. उल्काताईंनी मोबाइलमधला तबला बंद केला, त्या थरथरीवर नजर ठेवून, तोच ठेका धरून टाळ उचलले, आणि वरचा सूर मोकळा लागला.