संत्र्याची फोड
सासूबाईंना सगळ्याचीच किळस. भाजीवाल्याचे हात, फळांवरच्या माश्या, माझी बोटं. माझ्या हातचं पाणीही चालत नसे. स्वतःच रांधायच्या, फळंसुद्धा लगदा होईपर्यंत उकळायच्या. आता त्यांच्याच हिरड्या सुजून जांभळ्या पडल्या होत्या, उशीवर रक्ताळलेली लाळ आणि तोंडाला मेलेल्या उंदरासारखी दुर्गंधी. डॉक्टर म्हणाले, "स्कर्व्ही आहे. उकळलं की क जीवनसत्त्व जातं, आजी. गोळ्या देतो, पण फळं न शिजवता खायची. हिरड्या बऱ्या होतील." ते गेल्यावर मी संत्रं सोललं आणि फोड पुढे केली. सासूबाईंनी सवयीने नाक मुरडलं. "हात धुतलेस?" "साबणाने." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातचं खायला त्यांनी तोंड उघडलं. आतून असा भपका आला की मी झटकन मान फिरवली. कपाटाच्या आरशात माझं मुरडलेलं नाक दिसलं. त्यांनाही दिसलं. त्यांनी तोंड मिटलं.