केशरी बगळे

साडेपाच वाजत आले तसे यज्ञेश्वर केतकर सोसायटीच्या मागच्या भिंतीशी येऊन उभे राहिले. सुशीलाबाई आज येऊ नयेत, असं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं.

भिंतीपलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर कोंडीरामच्या चार म्हशी चरत होत्या आणि त्यांच्या पायांत बगळे. म्हैस पाऊल टाकी, गवतातला टोळ उडे, बगळा मान लांबवून तो टिपे आणि पुन्हा साळसूदपणे तिच्या खुराशी जाऊन उभा राही. बहुतेक सगळे पांढरेशुभ्र, पिवळ्या चोचीचे. काहींची मात्र डोकी, माना आणि पाठी केशरी झाल्या होत्या.

सगळा घोळ या केशरी रंगाने केला होता. रंगपंचमीनंतर दहा-बारा दिवसांनी यज्ञेश्वरांना तसा पहिला बगळा दिसला. अडतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला माणूस; गप्प बसतोय कसला. लिफ्टशेजारी पाटी लागली: ‘बगळा हा पक्षी आहे, भिंत नव्हे. रंग लावण्याची हौस असल्यास स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी. य. वि. केतकर, ब-३०४.’

धायरीच्या या इमारतीत राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. तेवढ्यात कुरिअरवाल्याखेरीज त्यांची बेल कुणी वाजवली नव्हती. पाटी लागली त्या संध्याकाळी ती वाजली. दारात पाचव्या मजल्यावरच्या सुशीलाबाई होत्या. वर्ध्याकडच्या, मुलगा-सून इथे नोकरीला, म्हणून गाव सोडून आलेल्या. नातवाला, सोनूला, रंगपंचमीला ताप होता, तेव्हा हे त्याचं काम नाही, एवढं सांगायला त्या आल्या होत्या. यज्ञेश्वरांनी त्यांना भिंतीपाशी नेऊन पुरावाच दाखवला. दुसऱ्या दिवशी त्या आपण होऊन आल्या आणि मग दोघांचा रोजचा पहारा सुरू झाला.

चोर काही सापडेना. रंग उतरायचा सोडून चढत चालला. एकाचे तीन झाले, तिनाचे पाच. कुणीतरी रोज नव्याने लावतंय, असं यज्ञेश्वर ठामपणे सांगत. सुशीलाबाई मान डोलावत आणि मुरमुऱ्यांचा डबा पुढे करत. दिवसभरात यज्ञेश्वर काय बोलत असतील ते या तासाभरात.

आज सकाळी मात्र त्यांनी कोंडीरामलाच दरडावून विचारलं. तो तोंडावर हसला.

“इणीचा रंग हाय त्यो. दर उन्हाळ्याला चढतो, पाऊस सरला की जातो. ती पाटी तुमची व्हय?”

पाटी काढायला गेलेला यज्ञेश्वरांचा हात लिफ्टपाशी थबकला. गप्प राहिलं तर पावसाळा सरेपर्यंत पहारा चालला असता. पण चूक दिसत असताना तशीच पुढे जाऊ देणं त्यांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. आणि खरं सांगितलं, तर उद्यापासून बाईंनी यायचं कशाला?

सुशीलाबाई आल्या. डबा भिंतीवर ठेवून त्यांनी बगळे निरखले आणि आज सहावा दिसतोय म्हणाल्या.

“अहो, माझं चुकलं,” यज्ञेश्वर म्हणाले. हे वाक्य बोलायची त्यांना सवय नव्हती. “कुणी रंग लावलेला नाही त्यांना. विणीच्या दिवसांत तो आपोआप येतो. आपला महिनाभर उगाच वेळ घेतला.”

त्या दचकल्या नाहीत, हसल्याही नाहीत.

“मले माहीत होतं, भाऊ. आमच्या गावी वखरामागं हेच तं असतात.”

“मग आपण पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

सुशीलाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. पलीकडे कोंडीराम म्हशी वळवू लागला होता.

“सांगतलं असतं, तं रोज संध्याकाळी मी कुठं गेली असती?”